बाबांना घेऊन ट्राउट गरवायला जायचंय: तीर्थन, काश्मीरची तळी की दोडीताल?

नीराकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, एसटीत मेकॅनिक होते. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी नीरेवर नाहीतर वीर धरणाच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसले. मरळ, वाम, शिंगटी, जे मिळेल ते. मलाही त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी कुठेतरी त्यांनी हिमाचलातल्या ट्राउटचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून दर आठवड्याला एकदा तरी विचारतात की असं वाहत्या थंड पाण्यात मासा कसा काय राहतो रे, तो गळाला लागतो कसा. तोंडाने कधी चल म्हणत नाहीत, पण मला कळतंय ना.

तर मे महिन्याच्या शेवटी ९ दिवस काढलेत, येणंजाणं धरून. मी, बाबा आणि माझा आतेभाऊ. माझा प्लॅन असा आहे की आधी हिमाचलच्या तीर्थन व्हॅलीत २ दिवस, मग श्रीनगर, तिथून गंगाबल तलाव (तिथे म्हणे खूप ट्राउट आहे), आणि परत येताना जमलं तर उत्तरकाशीचा दोडीताल. बाबांचा डावा गुडघा थोडा कुरकुर करतो पण रोज ४-५ किमी चालतात. काठी, गळ, आमिष काय न्यायचं, परवाना कुठे मिळतो, सगळंच सांगा. माणशी तीसेक हजारापर्यंत खर्च चालेल.

हिमवाट | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२५

स्वागत आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या प्लॅनमध्ये ९ पैकी ६ दिवस तुम्ही गाडीत बसणार आहात.

तीर्थनहून श्रीनगर आणि श्रीनगरहून उत्तरकाशी ही नकाशावर जवळ दिसतात पण मधे डोंगरांच्या रांगा आहेत, प्रत्येक वेळी खाली मैदानात उतरून परत चढायचं. आणि गंगाबल साडेतीन हजार मीटरवर आहे. मेच्या शेवटी तिथे भरपूर बर्फ असतो. विशनसर, किशनसर, गडसर, गंगाबल ही सगळी तळी करणारा सोनमर्ग ते नारानाग ट्रेक लोक जुलै ते सप्टेंबरच्या मधेच करतात ते काही उगाच नाही. नारानागहून गंगाबलची चढण तरुण माणसाचे पाय भरून आणते. दोडीतालही तीन हजाराच्या वर, संगमचट्टीपासून पुढे वीसएक किमीची वाट. मासा तिथे आहे यात शंका नाही, पण तुमच्या बाबांना मासा बघायचाय की चढ?

मी तीर्थनला पाच वेळा गेलोय. पहिल्या वेळी मीसुद्धा दोन दिवसच ठेवले होते आणि दोन्ही दिवस हात हलवत परत आलो, कारण नदी कळायलाच दोन दिवस लागतात. माझं ऐका, एकच नदी धरा. मुक्काम तिथल्या गुशैनी नाहीतर नागिनी गावाच्या आसपास. उंची दीड हजार मीटरच्या जवळपास, त्यामुळे श्वासाचा त्रास नाही, आणि बऱ्याच ठिकाणी गाडीतून उतरलं की दहा मिनिटांत पाण्याशी.

मालवणी_गरी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

हिमवाट शी सहमत. गरवायला जाणाऱ्या माणसाने जागा बदलत बसू नये, आमच्याकडे खाडीवर पण हेच, एक कोंड धरून बसलं तरच भरती ओहोटीचा अंदाज येतो.

मला एक विचारायचंय, तिकडे आमिष काय लावतात? गांडूळ आणि कणकेचा गोळा चालत असेल तर खर्च वाचला.

हिमवाट | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

कणकेचा गोळा तर विसराच, ट्राउट शिकारी मासा आहे. पाण्यातले किडे, त्यांच्या अळ्या, लहान मासे हे खाणं. तीर्थनवर बहुतेक जण स्पिनर वापरतात, म्हणजे छोटं चकचकीत पातं जे ओढलं की गरगर फिरतं, ० ते २ नंबरचं पुरतं. काश्मीरमध्ये नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्याला बीट म्हणतात, परवाना त्या बीटपुरता आणि बऱ्याच बीटवर फक्त फ्लाय चालते, म्हणजे पिसं-दोरा गुंडाळून किड्यासारखी केलेली गरी. गांडूळ घेऊन कुठेच जाऊ नका. ट्राउट गांडूळ पार पोटात घेतो, मग सोडायचा म्हटलं तरी तो जगत नाही.

काठी सहा-सात फुटी हलकी, २००० नंबरचं रीळ, दोरा सहा पौंडाचा. आपल्याकडे कटल्यासाठी वापरतो ती जाड काठी नेलीत तर मासा लागल्याचं हाताला कळणारच नाही.

नीराकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

हिमवाट दादा, राग कसला, बरं झालं आत्ताच सांगितलंत. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं तर म्हणाले "बरोबर बोलतोय माणूस, आपण वीरच्या खाली तरी कधी एका दिवसात दोन जागा केल्या का". तर काश्मीर आणि दोडीताल रद्द. तीर्थन नक्की.

आता बाबांचा मूळ प्रश्न कोणीतरी सोडवा. हा मासा आपल्याकडे का नाही? आणि तिथे पहिल्यापासून आहे का?

प्रवाही | १० फेब्रुवारी, दुपारी ३:१५

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलेय, तेव्हा हा प्रश्न माझ्या वाट्याचा समजते.

ट्राउट भारतातला नाहीच. इंग्रजांना इथे बसून आपल्या देशातल्यासारखं गरवायचं होतं म्हणून त्यांनी आणला. १८९९ मध्ये ब्राउन ट्राउट या जातीची अंडी विलायतेहून काश्मीरला निघाली ती वाटेतच उष्णतेने मेली. १९०० मध्ये दुसऱ्यांदा स्कॉटलंडहून पाठवली ती जगली. हे सगळं ज्याने अंगावर घेतलं तो फ्रँक मिचेल, त्याचा श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना होता. मग श्रीनगरजवळ हारवानला हॅचरी, म्हणजे अंडी उबवायचं केंद्र, झालं. तिथून १९०९ मध्ये अंडी कुलूला आली, तिथला अधिकारी जी. सी. एल. हॉवेल याने कटराईनजवळ महिलीला हॅचरी काढली, आणि बियासच्या उपनद्यांमध्ये, म्हणजे तुमच्या तीर्थनमध्येही, पिल्लं सोडली गेली. दक्षिणेत निलगिरीवर अॅव्हलांचला १९०७ मध्ये एच. सी. विल्सनने हॅचरी काढली, तिथे रेनबो ट्राउट ही दुसरी जात रुजली. म्हणजे काकांनी नीरेवर ज्या वयात गळ धरला असेल त्या वेळी हा मासा हिमालयात पन्नास-साठ वर्षांचा रहिवासी झाला होता.

आपल्याकडे का नाही, तर पाणी. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याची तगमग सुरू होते, खाणं सोडतो. नीरेचं पाणी एप्रिलमध्ये हात घालून बघा म्हणजे कळेल. आणि काकांना सांगा की वाहत्या पाण्यात तो पोहून दमत का नाही याचं उत्तर असं, की तो प्रवाहात उभाच राहत नाही. धोंड्याच्या मागे, किंवा काठ आतून पोखरला असेल त्या कपारीत, जिथे पाणी संथ आहे तिथे प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि शेजारच्या जोरदार धारेतून काही वाहत आलं की झेप घालून घेऊन परत जागेवर. संथ आणि वेगवान पाण्याची जिथे शिवण दिसते तिथेच गळ पडला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आगंतुक प्रजातींची जी यादी आहे तिच्यात ब्राउन ट्राउट आहे. आपल्या हिमालयातला मूळचा मासा म्हणजे असेला, हिमाचलात त्याला गुगली म्हणतात, इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात पण तो ट्राउट नाही, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. ट्राउट त्याची पिल्लं खातो. तेव्हा चुकून गुगली लागला तर तो आधी सोडा.

देवदार_सावली | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

प्रवाही मॅडम, माहिती उत्तम पण दुसरी बाजू पण सांगायला हवी. मी कामानिमित्त चार वर्षं मंडीला राहिलोय. आज तीर्थनच्या काठची कित्येक घरं ट्राउटवर चालतात, कोणी होमस्टे, कोणी गाईड, कोणी छोटी टाकी बांधून रेनबो वाढवतो. नॉर्वेच्या मदतीने कुलूकडे पतलीकुहलला ट्राउट शेतीचं काम झालं त्यातून हे तंत्र गावोगाव गेलं.

आणि नदी वाचली कशी ते बघा. शेजारची सैंज घ्या, पार्वती प्रकल्पासाठी बोगदे, धरण, सगळं झालं. तीर्थनवर पण जलविद्युत प्रकल्प येणार होते, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी कोर्टापर्यंत लढा देऊन ते थांबवले, आणि या नदीत ट्राउट आहे हासुद्धा त्यांच्या बाजूचा एक मुद्दा होता. परका मासा असेल, पण त्याच्यामुळे नदी मोकळी राहिली तर गुगलीलाही ती मोकळीच मिळाली की.

प्रवाही | १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

हे मान्य आहे. धरण झालं तर ट्राउट आणि गुगली दोघंही जातात, गुगलीला अंडी घालायला वर चढता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की नवीन ओढ्यात, नवीन तळ्यात ट्राउट सोडायची हौस कोणी करू नये. जिथे शंभर वर्षांपासून आहे तिथे जरूर गरवा.

सह्यसखी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:०० 

धागा छान चाललाय. मी मैत्रिणीबरोबर दोन वर्षांपूर्वी मेमध्येच गेले होते त्यामुळे काही व्यवहारातल्या गोष्टी.

पाण्यात उतरायची तयारी नीट करा. मी एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तातले वेडर (पाण्यात उतरायची बुटांसकट वॉटरप्रूफ पँट) घेतले, ते पहिल्याच सकाळी गुडघ्यापाशी शिवणीतून गळायला लागले आणि ते पाणी इतकं गार असतं की पंधरा मिनिटांत पाय आपले वाटेनासे होतात. त्यातच शेवाळलेल्या धोंड्यावरून घसरले आणि मनगट दुखावलं, पुढचे दोन दिवस काठावर बसून काढले. काकांना पाण्यात उतरवूच नका, काठावरच्या सपाट धोंड्यांवरून भरपूर पाणी हाताशी येतं. हातात एक जाड काठी द्या, ट्रेकिंगची किंवा सरळ गावातून घेतलेली. गुडघ्याला पट्टा.

दुसरं, खाली लारजी-औट-थलौट पट्ट्यात बियासच्या पात्रात अजिबात उतरू नका, फोटोसाठी सुद्धा नाही. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून पाणी सोडलं आणि हैदराबादहून आलेली इंजिनिअरिंगची २४ मुलं थलौटजवळ वाहून गेली. पात्र कोरडं दिसत असतं, मोठमोठे धोंडे उघडे असतात आणि काही मिनिटांत पाणी येतं. तीर्थनवर वर धरण नाही म्हणून ती भीती नाही, पण वर ढगफुटी किंवा जोराचा पाऊस झाला तर नदी झपाट्याने चढते. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या की सगळं सामान टाकून वर निघायचं.

नीराकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई खूप उपयोगी. धरणातून पाणी सोडण्याचं बाबांना नवीन नाही, वीरमधून आवर्तन सुटलं की काय होतं ते त्यांनी पन्नास वर्षं बघितलंय, पण २०१४ चं वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

मेच्या शेवटी बर्फ वितळून पाणी गढूळ असतं का?

हिमवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत पाणी सगळ्यात नितळ आणि कमी. दिवसभर उन्हाने वर बर्फ वितळतं ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, मग नदी बोटभर-दोन बोटं चढते आणि दुधाळ दिसते. त्यामुळे सकाळी लवकर उठा, दुपारी जेवून झोपा, परत संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की तासभर. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊच नये, पावसाने गढूळ पाणी आणि दरडी, जुलै २०२३ च्या पुरात सैंज बाजाराचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मार्च ते जून नाहीतर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, तेव्हा अंडी घालायचा काळ असतो.

परवान्याचं, मत्स्य विभागाच्या ऑफिसात आधार कार्ड घेऊन जायचं, तुमचा होमस्टेवाला नक्की घेऊन जाईल. दिवसाचा परवाना असतो, जितके दिवस गरवणार तितके दिवस काढा आणि खिशात ठेवा, पाण्याशी वॉचर येऊन बघतात. किती मासे ठेवता येतात, केवढा लहान असेल तर सोडायचा, ते तिथेच नीट विचारून घ्या आणि तसंच वागा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ काढायचाच नाही, खालच्या भागातच. ते २०१४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. पार्कात नुसतं फिरायला मात्र एक दिवस जरूर जा.

बो_नदीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

कॅल्गरीहून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. इथे शहराच्या मधून बो नदी वाहते आणि तिच्यात ब्राउन आणि रेनबो दोन्ही आहेत, मी गेली अकरा वर्षं फ्लायने गरवतोय.

नीराकाठ, तुमच्या बाबांना एकदा तरी फ्लाय काठी हातात द्या. अवघड आहे असं सगळे म्हणतात पण ज्याने पाग फेकलाय किंवा लहानपणी गोफण फिरवलीय त्याच्या मनगटात तो ताल आधीच असतो. साडेआठ-नऊ फुटी, ५ वेटची (हा दोऱ्याच्या वजनाचा नंबर) काठी. यात वजन गळाला नसतं, दोऱ्यालाच असतं, त्यामुळे मागे नेल्यावर दोरा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. घरासमोरच्या मोकळ्या जागेत टोकाला लोकरीचा तुकडा बांधून महिनाभर रोज दहा मिनिटं सराव करायला लावा, गरी अजिबात लावू नका. सुरुवातीला पाण्याखालून वाहणारी निम्फ, म्हणजे किड्याच्या अळीसारखी फ्लाय, पुरे, त्यातली फिजंट टेल नावाची १४ किंवा १६ नंबर, आणि वर एक छोटा तरंगा. तरंगा थबकला की ओढ. हे तर आपल्या बूच लावून गरवण्यासारखंच आहे.

मासा सोडायचा असेल तर काही गोष्टी अगदी कटाक्षाने. गरीचा आतला उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हात ओले केल्याशिवाय माशाला लावू नका, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि नंतर बुरशी लागून मासा मरतो. फोटोसाठी पाण्याबाहेर काढला तर तुम्ही जेवढा वेळ श्वास रोखून धरू शकता त्याच्याही निम्माच वेळ. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत सैल धरा, त्याचा तो जोर लावून निघतो, ढकलायचा नाही.

आणि बूट, जाळी, सगळं एका नदीतून दुसऱ्या नदीत नेण्याआधी धुवून कडक वाळवा. इथे अल्बर्टात २०१६ मध्ये व्हर्लिंग डिसीज सापडला, ट्राउटची पिल्लं गोल गोल फिरत मरतात, चिखलातून आणि ओल्या सामानातून पसरतो. तेव्हापासून आम्ही फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे बूट वापरत नाही, ते लवकर वाळत नाहीत.

मालवणी_गरी | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

पागाचं अगदी बरोबर. माझ्या आजोबांना फ्लायचा व्हिडिओ दाखवलेला तर पहिलं वाक्य हेच होतं की हा मनगटाने नाही कोपरापासून मारतोय.

देवदार_सावली | १२ फेब्रुवारी, रात्री ९:००

प्रवासाचं लिहितो. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला कँट, तिथून चंदीगड आणि मग मनालीच्या रात्रीच्या बसने औट. कंडक्टरला चढतानाच बजावून ठेवा की औटला उतरायचंय, बस पहाटे पोचते आणि झोपेत मनाली येतं. वेळ वाचवायचा तर पुण्याहून चंदीगडला विमानाने. औटपासून बंजार आणि पुढे गुशैनी, टॅक्सी होमस्टेवाल्यालाच सांगा पाठवायला. काकांना रात्रीची बस झेपत नसेल तर चंदीगडला एक रात्र राहून सकाळी निघा, बिलासपूर-मंडीमार्गे संध्याकाळी पोचता.

विमानात काठी ट्यूबमध्ये घालून चेक-इन, गळ आणि पकड पण चेक-इनमध्येच, हातातल्या बॅगेत राहिली तर काढून घेतात.

आणि तीर्थनला पाणी गढूळ निघालं तर पर्याय म्हणून बरोट लक्षात ठेवा. ऊहल नदी, ब्रिटिशांच्या काळात शानन वीजप्रकल्पासाठी अडवलेली, गाडी थेट पाण्याशी जाते. पण तो अगदीच अडलं तर.

नीराकाठ | २ मे, रात्री ९:३०

मंडळी, अपडेट. २२ मेला निघतोय. विमानाने चंदीगड, एक रात्र तिथे, मग सलग पाच रात्री गुशैनीच्या खाली एकाच होमस्टेत. एक हलकी स्पिनिंग काठी नवीन घेतली, फ्लाय काठी ओळखीच्या एकाने वापरायला दिली. बाबा मार्चपासून रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोकरीचा तुकडा बांधून सराव करतायत, खालची दोन लहान मुलं पण शिकली.

सह्यसखी | ३ मे, सकाळी ८:०० 

वा! गरम मोजे प्रत्येकी तीन जोड घ्या. काकांना नमस्कार सांगा. आल्यावर लिहा नक्की.

नीराकाठ | ७ जून, रात्री ११:१०

आलो ३० मेलाच, पण आल्या आल्या ऑफिसच्या कामात अडकलो. सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी परवाने काढले आणि पाण्यावर गेलो तर बाबांनी काठी हातात घेतलीच नाही. दिवसभर काठाने वर-खाली फिरले, धोंड्यावर बसले, परत उठले. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग बघितलं तर त्यांनी पाण्याच्या कडेला तीन दगड ओळीने मांडून ठेवले होते, एक अगदी पाण्याला टेकून, एक वीतभर वर, एक त्याच्याही वर. वीरचं आवर्तन सुटायचं तेव्हा ते हेच करायचे, लहानपणी मी शंभर वेळा बघितलंय आणि साफ विसरलो होतो. दुपारी साडेतीनला पहिला दगड बुडाला. संध्याकाळी दुसरा अर्धा. म्हणाले, उद्या अकराला गुंडाळायचं, चारनंतर खालच्या पट्ट्यात जायचं नाही. हिमवाट दादा, तुम्ही जे लिहिलं होतं तेच त्यांनी स्वतःहून मोजून काढलं.

दुसऱ्या दिवशी आतेभावाला स्पिनरवर दोन लागले, एक लगेच सुटला, दुसरा वीतभर ब्राउन, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, इतकं सुंदर काही मी पाण्यातून निघताना बघितलेलं नाही. मला काहीच नाही. मी जास्त घाई करत होतो, सरळ पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन उभा राहायचो. गाईड मुलगा सांगून दमला की खालच्या बाजूने या, वाकून या, सावली पाण्यावर पडू देऊ नका, मासा वरच्या बाजूला तोंड करून असतो त्याला मागचं दिसत नाही.

बाबांना तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला लागला. फ्लायवर. एक मोठा धोंडा होता, त्याच्या मागे संथ पाणी आणि बाजूने जोराची धार, प्रवाही मॅडमनी लिहिलेली शिवण अगदी तशीच. बाबा गुडघ्यावर बसूनच टाकत होते, उभं राहिलं की मासा बघतो म्हणून. सहा-सात वेळा निम्फ वाहून गेली, काही नाही. मग तरंगा थांबला, म्हणजे बुडाला पण नाही, नुसता थांबला, आणि मला कळायच्या आत त्यांनी मनगट उचललं. काठी पार वाकली. मी जाळी घेऊन धावत होतो आणि ते ओरडत होते हळू ये, हळू, दगड हलतायत. हात ओले करून पाण्यातच धरला. आतेभाऊ फोटो काढतो म्हणाला तर म्हणाले, पाण्यातच काढ. काटा दाबलेला होता त्यामुळे गरी लगेच निघाली. मग प्रवाहाकडे तोंड करून धरून बसले, पाणी इतकं गार की बोटं लाल झाली होती तरी सोडेनात, आणि एकदम शेपटीचा फटका देऊन तो गेला. बाबांनी काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले चहा आहे का रे थर्मासमध्ये. बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत होते. मीही काही बोललो नाही.

पाच दिवसांत तिघांना मिळून सात ट्राउट, त्यातले दोन ठेवले आणि होमस्टेच्या काकींनी मोहरीच्या तेलात तळून दिले, बाकी सोडले. एक गुगली लागला होता मला, तोंड खाली वळलेलं, चांदीसारखा रंग, तो लगेच सोडला. चौथ्या रात्री वर पाऊस झाला, सकाळी पाणी चहासारखं, तिन्ही दगड बुडालेले. त्या दिवशी नदीकडे फिरकलो नाही, जलोरी खिंडीत जाऊन आलो.

चूक एकच झाली, वेडर बाबांसाठी नको म्हणून मी माझ्यासाठीही घेतले नाहीत, पुढच्या वेळी घेईन. बाबांचा गुडघा शेवटच्या दोन दिवशी सुजला होता, बर्फाने शेकला, आता ठीक आहे.

प्रवाही | ८ जून, सकाळी ९:४५

तीन दगडांचं वाचून खूप आनंद झाला, आम्हाला कॉलेजात पाण्याची पातळी मोजायला पट्टी दिली होती. काकांना विचाराल का, तरंगा नुसता थांबला तेव्हा तळाला अडकलाय असं त्यांना का नाही वाटलं?

नीराकाठ | ८ जून, रात्री १०:०५

विचारलं. म्हणाले तळाला अडकला की तरंगा थांबून एका बाजूला कलतो, कारण दोरा खालून ओढलेला असतो आणि वरून पाणी ढकलत असतं. हा सरळ उभा राहिला होता. वामच्या वेळी पण असंच होतं म्हणे.

बो_नदीकर | ९ जून, सकाळी ६:३०

हे मला अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. उद्या बो वर बघतो.

नीराकाठ | ९ जून, रात्री ९:२०

नक्की कळवा, बाबा विचारतील.

आणि कोणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असेल तर स्पिनरचा आणि निम्फचा डबा, पकड आणि रबराची जाळी माझ्याकडे पुण्यात आहे, सिंहगड रोडला, येऊन घेऊन जा. सगळं धुवून वाळवलेलं आहे. १ नंबरचे दोन स्पिनर धोंड्यात अडकून गेले, तेवढे कमी आहेत. फ्लाय काठी ज्यांची होती त्यांना परत दिली, बाबांनी स्वतःची मागवलीय.